स्टेरॉइड : दाह शमविणारे औषध

रुग्णास स्टेरॉइड सुरू करावे लागेल असे सांगताच नातेवाईक धास्तावतात, आणि गुण येताच तेच औषध कोणासही न विचारता बंद केले जाते. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, म्हणून हे टिपण. (स्नायू फुगविण्यासाठी काही खेळाडू घेतात ती स्टेरॉइड निराळी.)

मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक रोज स्रवत असतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही त्याचीच कृत्रिम रूपे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल व राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि औषध थांबविले की दुखणे परतते, हेही लवकरच ध्यानात आले. रोगाचे मूळ स्टेरॉइड काढीत नाही. रोगाविरुद्ध शरीराने मांडलेला उग्र प्रतिकार ते शांत करते.

हे घडते पेशीच्या आत. औषध पेशीत शिरून तेथील ग्राही प्रथिनाशी जोडले जाते. ही जोडी केंद्रकात जाऊन दाह चेतविणारी रसायने निर्माण करणाऱ्या जनुकांना आवर घालते. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपणे कमी होते, सूज उतरते, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा जोर ओसरतो. या साऱ्यास काही तास लागतात. मात्र याच पेशी जंतूंशीही लढत असतात.

कोविडच्या साथीने याची दोन्ही टोके दाखविली. २०२० साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, अधिकाधिक १० दिवस, दिले गेले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने व प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना लाभ झाला नाही. पुढे २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने अनेकांचे डोळे व जबडे हिरावले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेकी वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. औषध तेच; वेळ व मात्रा चुकली.

आणखी एक गोष्ट. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. अशा वेळी गोळ्या एकाएकी सोडल्यास रक्तदाब कोसळणे, उलट्या, ग्लानी, प्रसंगी प्राणसंकटही ओढवू शकते. यास्तव मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावी. जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर गोळ्या आणू नयेत. शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी दात काढण्यापूर्वीही, हे औषध चालू असल्याचे अवश्य सांगावे. दम्याच्या पंपाची धास्ती मात्र अनाठायी आहे; त्यातील अल्प मात्रा थेट श्वासनलिकांत पोहोचते. पंप घेतल्यावर चूळ तेवढी भरावी.