कुंपणाचा रंग

पेडणे-डिचोलीकडील अनेक घरांना चिऱ्यांचे कुंपण आणि लोखंडी फाटक असते. ‘दिवाळीनंतर रंगवू’ म्हणता म्हणता नाताळ येतो, मग ईस्टर, आणि जूनमध्ये पाऊस दारात उभा! गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आणखी एक पावसाळा गेला की गंज गजांना बुडाशी खातो व रंगाचे काम लोहाराकडे जाते.

नहेम्याचा ३ रा अध्याय नावांची यादी म्हणून आपण सोडून देतो. तसे करू नये. यरुशलेमेच्या कोटाचे काम प्रचंड. तरी पुष्कळांनी केवळ आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. शल्लूमाबरोबर तर त्याच्या मुलीही होत्या (वचन १२). कोट ५२ दिवसांत पुरा झाला (६:१५).

तेव्हा या शनिवारी फक्त फाटक घ्यावे. तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा, काचपेपर मारावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा. तो वाळल्यावर ऑइलपेंट. सकाळचे दव सुकण्याआधी ब्रश लावू नये. चिरे पाणी धरून ठेवतात. त्यांना ऊन खाऊ द्यावे, त्यांची पाळी नंतर.

रविवार शाळेच्या शिक्षकांनी मुलांना विचारावे : तुमच्या घरी ‘उद्या’वर पडलेले काम कोणते? उत्तरे फळ्यावर लिहावीत. वडीलधाऱ्यांची कामेही निघतील.