पाण्याला घाबरू नकोस, पायरीला घाबर

यमुनानगर, निगडी

चि. सोनू,


पाचवा महिना लागल्यावर पोहायला जाऊ का, असं विचारलंस. ‘पोटुशी बाई पाण्यात कशाला?’ असं सासूबाई म्हणाल्याचंही कळलं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या डोळ्यांपुढे विहीर आणि नदी आहे, तुझ्या डोळ्यांपुढे पोहण्याचा तलाव.

तू लहानपणापासून पोहतेस, म्हणून हो म्हणते. चाकणची कामाची पाळी करून आलीस की पाय सुजतात ना? छातीभर पाण्यात उभी राहा. पाण्याचा दाब पायांतली सूज वर ढकलतो, पोटाचा भार पाणी उचलतं, कंबर सुटते. मग लघवीला पळावं लागेल, ते चांगलंच लक्षण. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम गरोदर बाईला चालतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पोहता पोहता दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. धाप लागली तर थांब. श्वास कोंडून बुडी नाही, उडी तर नाहीच. जांघेत दुखलं तर बेडूकपोहणं सोड.

मात्र आधी डॉक्टरांचा होकार हवा. वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, रक्त किंवा पाणी जात असेल, रक्तदाब चढला असेल, तर तलावाचं नावही काढू नकोस.

माझ्या मुलाच्या, म्हणजे तुझ्या दादाच्या वेळी मीही पोहत होते. पाण्यात काही झालं नाही. वर येताना शेवाळलेल्या पायरीवर पाय सरकला आणि कठडा हाती आला म्हणून निभावलं. पुढचे दोन दिवस बाळ हलतंय का, एवढंच मोजत बसले होते. म्हणून कठडा धरून, पाठमोरी, सावकाश उतर. मे महिन्यात मुलांची झुंबड असते, पोटावर लाथ बसायला वेळ लागत नाही. बायकांची बॅच असेल तेव्हाच जा.

नाकात झोंबणारा वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळला की तो वास उठतो. तसा आला तर परत फिर. 2024च्या जानेवारीत कासारवाडीच्या पालिकेच्या तलावावर क्लोरीन वायू गळला आणि पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. आपल्याच शहरातली गोष्ट आहे ही, म्हणून सांगते. घाबरवायला नाही. डोळे चुरचुरले, खोकला आला तर कपड्यांची वाट न बघता बाहेर पड. आणि नवऱ्याच्या कंपनीच्या सहलीत रिसॉर्टवर गरम पाण्याचं कुंड असतं, त्यात बसू नकोस. आईचं अंग फार तापणं बाळाला सोसत नाही.

देहूला गेलात तर इंद्रायणीला काठावरूनच नमस्कार कर. नदीतल्या मैलापाण्यातून येणारी ‘ई’ प्रकारची कावीळ एरवी बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांत ती झालेल्या चार-पाच बायकांतली एक दगावू शकते. इथे सासूबाईंचंच खरं.

बुधवारी तपासणीला जाशील तेव्हा वार कुठे आहे ते विचारून मला लगेच फोन कर. पोहण्याचा पोशाख घेऊ नकोस, पोटाला सैल बसेल असा मी आणते.

तुझी
मावशी