उंच केलेली पिकप गाडी : तिचे आंस व दंतचक्रांचें गुणोत्तर

शेतीच्या कामांत यंत्रांचा प्रवेश झाल्यापासून शेतकऱ्यास बैलाच्या खुरांइतकीच यंत्राच्या चाकांचीही पारख असणें अवश्य झालें आहे. मागें उघडा हौदा असलेली जी लहान मालमोटार, तिला अमेरिकेंत पिकप म्हणतात. हें नांव आतां आपल्या खेड्यापाड्यांतही रूढ झालें आहे. तिकडील पशुपालक व शेतकरी चिखलांतून आणि दगडधोंड्यांतून जातां यावें म्हणून पुष्कळदां ही गाडी उंच करून घेतात व तिला मोठीं चाकें बसवितात. तसें केल्यावर गाडी चढावर दमूं लागते, वरच्या गिअरमध्यें ओढीनाशी होते, आणि मग आंस व त्यांतील दंतचक्रें बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. असें कां होतें, त्यावर उपाय कोणता, व त्या उपायांत चुका कोठें होतात, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आपल्याकडे अशी गाडी करण्यास कायद्याची आडकाठी आहे. तथापि ज्या नियमानें ती गाडी मोडते त्याच नियमानें आपला चारी चाकांनीं ओढणारा ट्रॅक्टरही मोडतो. म्हणून हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे.

१. उंची कशानें मिळते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाडी उंच करणें म्हणजे आंस व सांगाडा यांमधील अंतर वाढविणें होय. अधिक वांकाचे कमानपाटे बसवून अगर मागील आंस व पाटे यांच्यामध्यें ठोकळे घालून हें काम साधतात. यानें सांगाडा वर जातो, परंतु आंस होता तेथेंच राहतो. गाडींत सर्वांत खालीं लोंबणारा भाग म्हणजे आंसावरील डिफरन्शियलचा गोळा. दगडावर आदळतो तो बहुधा हाच. तो वर उचलण्याचा साधा उपाय म्हणजे चाक मोठें करणें. ३१ इंच व्यासाचें चाक काढून ३५ इंची घातलें तर व्यास ४ इंचांनीं वाढतो, पण गोळा मात्र त्याच्या निम्म्यानें, म्हणजे २ इंचच वर येतो. सांगाडा उचलण्याचा मुख्य उपयोग या मोठ्या चाकास जागा करून देणें इतकाच आहे.

जर्मनींत याहून निराळी युक्ति योजिली गेली. उनिमोग या वाहनाचे पहिले नमुने १९४६ सालीं तयार झाले, व १९४८ पासून त्याचें उत्पादन सुरू झालें. तें मुळांत शेतीसाठींच आंखलेलें होतें; त्याच्या डाव्याउजव्या चाकांतील अंतर १,२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींच्या मापाचें ठेविलें होतें. त्याचा आंस चाकाच्या मध्याहून वर असून तुंब्यापाशीं दांत्यांची आणखी एक जोडी शक्ति खालीं उतरविते. त्यामुळें चाक फार मोठें न करतांही खालीं मोकळीक मिळते, आणि त्याच जोडींत वेग कमी होऊन जोर वाढतो.

२. गुणोत्तर म्हणजे काय?

कडबा तोडण्याच्या यंत्रावर पट्टा चढविणाऱ्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. इंजिनाची पुली लहान व यंत्राची मोठी असेल तर यंत्र सावकाश पण जोरानें फिरतें. आंसाच्या गोळ्यांतही हेंच घडतें. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टाच्या टोकास पिनियन हें लहान दंतचक्र असतें. तें क्राउन या मोठ्या दंतचक्रास फिरवितें. क्राउनच्या दांत्यांस पिनियनच्या दांत्यांनीं भागिलें कीं गुणोत्तर निघतें. क्राउनला ४१ व पिनियनला ११ दांते असतील तर गुणोत्तर ३.७३, १० असतील तर ४.१०, ९ असतील तर ४.५६. पहिल्या जोडींत चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टाचे पावणेचार फेरे लागतात, तर तिसरींत साडेचारांहून किंचित् अधिक.

आंकडा जितका मोठा तितका ओढण्याचा जोर अधिक व धांव कमी. अमेरिकेंतील मिस्त्री मोठ्या आंकड्याच्या जोडीस ‘खालची’ जोडी म्हणतात, त्यामुळें नवशिक्याचा घोंटाळा होतो. म्हणून माल मागवितांना खालचीवरची असें न म्हणतां स्पष्ट आंकडाच सांगावा.

३. मोठ्या चाकाचा हिशेब

३१ इंची चाक एका फेऱ्यांत सुमारें २.४७ मीटर जमीन कापतें, तर ३५ इंची सुमारें २.७९ मीटर. प्रत्येक फेऱ्यांत अधिक अंतर तोडावयाचें असल्यानें जमिनीवर पडणारा जोर त्या मानानें घटतो. ३१ ला ३५ नीं भागल्यास ०.८८६ येतात, म्हणजे शेंकडा ११ हून अधिक जोर केवळ चाक बदलल्यानें गेला. ३.७३ ची जोडी आतां ३.३० असल्यासारखी वागते.

गेलेला जोर परत आणण्यासाठीं जुन्या गुणोत्तरास नव्या व्यासानें गुणून जुन्या व्यासानें भागावें. ३.७३ × ३५ ÷ ३१ = ४.२१. नेमकी या आंकड्याची जोडी बहुधा मिळत नाहीं, तेव्हां ४.१० व ४.५६ यांतून निवड करावी लागते. गाडी बहुतेक मोकळी व सपाट रस्त्यावर चालणार असेल तर ४.१० पुरे. गुरांची अगर चाऱ्याची गाडी मागें जोडून घाट चढावयाचा असेल तर ४.५६ च घ्यावी. कारण मोठें चाक वजनानेंही जड असतें, व उंच झालेल्या गाडीस वाराही अधिक अडवितो.

ताशीं ६० किलोमीटर वेगानें थेट गिअरमध्यें चालतांना इंजिनाचे दर मिनिटास फेरे साधारणपणें असे पडतात:

मूळ चाक, ३.७३ ची जोडी : १,५१०
३५ इंची चाक, ३.७३ ची जोडी : १,३३५
३५ इंची चाक, ४.१० ची जोडी : १,४७०
३५ इंची चाक, ४.५६ ची जोडी : १,६३०

टायरवर छापलेल्या मापावर मात्र विसंबूं नये. भार पडला कीं टायर दबतो. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून, गाडी नेहमींच्या वजनासह सरळ ढकलावी, व दहा फेऱ्यांत कापलेलें अंतर फितीनें मोजावें. त्याचा दहावा हिस्सा हें खरें माप.

वेगमापकही फसवितो. गिअरबॉक्समधून चालणारा वेगमापक नुसतीं चाकें मोठीं केल्यावर ६० दाखवीत असतां गाडी खरोखर ६७ च्या वर धांवत असते. ४.१० ची जोडी घातल्यावर हा फरक जवळजवळ नाहींसा होतो, ४.५६ घातल्यावर उलट गाडी ५५ च्या आसपास असतां ६० दिसतात.

४. दोन्ही आंसांचें गुणोत्तर एकच हवें

या सर्व विषयांत हें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. चारी चाकांनीं ओढणाऱ्या साध्या पिकपमध्यें पुढची ओढ जोडली म्हणजे पुढील व मागील शाफ्ट एकमेकांशीं जखडले जातात. दोघांचे फेरे सारखेच पडतात. पैसे वांचविण्यासाठीं एखाद्यानें मागचीच जोडी बदलली, तर मागचीं चाकें एक अंतर जाऊं पाहतात व पुढचीं दुसरें. चिखलांत चाकें घसरून हा तंटा मिटतो. कोरड्या घट्ट रस्त्यावर घसरण्यास वाव नसतो. सगळा ताण शाफ्ट, क्रॉस व दांते यांत पिळासारखा साठत जातो, आणि जें कमजोर असेल तें तुटतें. एका जोड्यास बांधलेल्या दोन बैलांपैकीं एकानें धांवावें व दुसऱ्यानें चालावें, तर जूं मोडणारच. याकरितां दोन्ही जोड्या एकदमच बदलाव्या. तितका पैसा नसेल तर काम पुढें ढकलावें. पण अर्धें करूं नये.

५. आंसच केव्हां बदलावा?

गुणोत्तराचा आंकडा वाढतो तसे पिनियनचे दांते कमी होतात व पिनियन लहान होतें. त्याच वेळीं मोठें चाक आंसास अधिक पिळूं लागतें. लहान आंसास दोन्ही बाजूंनीं मार बसतो. अशा वेळीं जुन्या आंसांत नवी जोडी घालण्याऐवजीं सबंध थोराड आंसच बसविणें शहाणपणाचें ठरतें. अमेरिकेंत प्रचारांत असलेल्या डेना ४४ या आंसाचें क्राउन सुमारें साडेआठ इंचांचें, तर डेना ६० चें पावणेदहा इंचांचें असतें. जोडी निवडतांना आंतील पिंजराही जुळतो कीं नाहीं तें पाहावें लागतें: डेना ४४ मध्यें ३.७३ पर्यंत एक पिंजरा व ३.९२ पासून पुढें दुसरा. डेना ६० मध्यें ४.१० पर्यंत एक व ४.५६ पासून दुसरा.

आंसांचे दोन प्रकार ध्यानांत ठेवावे. एका प्रकारांत चाकाकडे जाणारा दांडा गाडीचें वजनही पेलतो व फिरवितोही. तो तुटला तर चाक निसटण्याचा धोका असतो. दुसऱ्यांत वजन तुंब्यांतील बेअरिंगें घेतात व दांड्याकडे फिरविण्याचेंच काम राहतें. तो तुटला तरी चाक जागींच असतें, व गाडी न उचलतांही दांडा ओढून काढतां येतो. भार वाहणाऱ्यानें दुसराच प्रकार घ्यावा.

जुना आंस विकत घेण्यापूर्वीं एकंदर रुंदी, पाटे बसण्याच्या बैठकींतील अंतर, चाकाच्या बोल्टांची संख्या व वर्तुळ, ब्रेकच्या नळ्या, आणि पुढील आंसाचा गोळा डाव्या बाजूस आहे कीं उजव्या, इतक्या गोष्टी मोजून घ्याव्या. शेवटची गोष्ट चुकली तर शाफ्ट जुळतच नाहीं.

सांगाडा उचलल्यानें शाफ्टाचा कोनही वाढतो. क्रॉस तिरपा फिरूं लागला कीं शाफ्टाचा वेग प्रत्येक फेऱ्यांत दोनदां कमीअधिक होतो. दोन टोकांस एकेक क्रॉस असेल तर दोन्ही कोन सारखे ठेवावे, म्हणजे एकाचा दोष दुसरा फेडतो. वरच्या टोकास दुहेरी क्रॉस असेल तर पिनियनचें तोंड जवळजवळ सरळ शाफ्टाच्या रोखानें वळवावें. हें न केल्यास गाडी थरथरते व क्रॉस लवकर जातात.

६. जोडणीचें काम

क्राउन व पिनियन कारखान्यांत एकत्र घांसून जुळविलेले असतात. एक गेलें तरी दोन्ही बदलावीं. जोडणींत चार गोष्टी साधाव्या लागतात: पिनियनची खोली, पिनियनच्या बेअरिंगांचा ताण, दोन चाकांतील दांत्यांची मोकळीक, आणि पिंजऱ्याच्या बेअरिंगांचा ताण. खोली पातळ चकत्या घालून अगर काढून जमवितात. मोकळीक सर्वसाधारणपणें इंचाच्या सहा ते दहा सहस्रांशांत असते. परंतु प्रत्येक आंसाचें माप कारखानदाराच्या पुस्तकांतूनच घ्यावें.

खरी परीक्षा रंगाची. क्राउनच्या कांहीं दांत्यांस रंग फांसून चाक फिरवावें व ठसा पाहावा. ठसा दांत्याच्या मध्यावर हवा. तो दांत्याच्या माथ्याकडे गेला असेल तर पिनियन फार बाहेर आहे. मुळाकडे गेला असेल तर फार आंत आहे. ठसा न दाखवितां गोळा बंद करणाऱ्या मिस्त्रीस पैसे देऊं नयेत.

नवी जोडी प्रथम पंधरावीस मिनिटें सावकाश चालवून पूर्ण थंड होऊं द्यावी, व असें दोनतीनदां करावें. पहिल्या ५०० मैलांत मागें भार जोडूं नये, व त्यानंतर तेल बदलावें. या दांत्यांस बहुधा जी.एल. ५ प्रतीचें तेल लागतें. साध्या तेलानें ते जळतात.

एवढें केल्यावरही ब्रेकचा प्रश्न राहतो. चाक मोठें झालें म्हणजे ब्रेकची पकडही त्याच शेंकडा ११ नीं घटते, व ती दंतचक्रें बदलून परत येत नाहीं. शिवाय उंच गाडीचा तोल वर गेलेला असतो. उतारावरच्या बांधाला तिरपें जाणें तिला सोसत नाहीं.

७. आपल्यापुरता बोध

आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलास विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तेंच ठामपणें सांगितलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, अगर दोन्ही अशी तरतूद केली. तेव्हां उंच पिकपचा मोह टाळावा हें बरें.

परंतु चारी चाकांचा ट्रॅक्टर आपल्या दाराशीं उभा आहे. त्याचीं पुढचीं चाकें लहान व मागचीं मोठीं असतात, आणि कारखान्यांत आंतलीं दंतचक्रें त्याच मापांस अनुसरून ठेविलेलीं असतात. पुढचें चाक जमिनीवर किंचित् पुढें, शेंकडा एक ते पांच इतकें, ओढीत राहावें अशी योजना असते. माझ्या परिचयाच्या एका बागाईतदारानें पुढचे टायर झिजल्यावर, स्वस्त मिळाले म्हणून, एका मापानें मोठे टायर घातले. ऊंस वाहतांना पुढची ओढ जोडलेलीच ठेवून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यानें ये-जा करीत होता. ऐन हंगामांत पुढच्या आंसाचे दांते उडाले, आणि वाचविलेल्या पैशाच्या कित्येक पट रक्कम दुरुस्तींत व भाड्याच्या ट्रॅक्टरांत गेली. त्यांत दोष ना ट्रॅक्टराचा, ना ड्रायव्हरचा एकट्याचा. हिशेब केला नव्हता इतकेंच.

हा हिशेब घरच्या घरीं करतां येतो. मोकळ्या मुरमाड जमिनीवर मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर सरळ चालवावा, व पुढच्या चाकाचे फेरे मोजावे. एकदां पुढची ओढ सोडून, एकदां जोडून. सोडून १५ व जोडून साडेपंधरा आले, तर अर्ध्या फेऱ्यास १५ नीं भागून शेंकडा सव्वातीनच्या आसपास येतात. हें ठीक आहे. जोडल्यावर फेरे कमी भरले तर पुढचीं चाकें ओढण्याऐवजीं अडवीत आहेत. फार जास्त भरले तर दांत्यांवर ताण येत आहे. दोन्ही वेळीं टायरांचें माप कारखानदाराच्या यादीशीं ताडून पाहावें.

सारांश, चाक बदलणाऱ्यानें दांत्यांचा विचार करावा, एका आंसाला हात लावणाऱ्यानें दुसऱ्या आंसाचा विचार करावा, आणि घट्ट कोरड्या रस्त्यावर येतांच पुढची ओढ सोडून द्यावी. खडूचा तुकडा, मोजण्याची फीत व त्रैराशिक एवढीं साधनें प्रत्येकाच्या घरीं आहेत. हंगामाच्या तोंडीं तासभर खर्चून त्यांचा उपयोग करावा, एवढीच वाचक बंधूंस विनंति आहे.