लांगूलचालन : एका शब्दाचा अर्थ



निवडणुका जवळ आल्या की ‘लांगूलचालन’ हा शब्द वर्तमानपत्रांत हमखास दिसतो. अमुक पक्ष तमुक समाजाचे लांगूलचालन करतो, असे आपण वाचतो आणि पान उलटतो. आज या शब्दापाशी थोडे थांबू या.

‘लांगूल’ म्हणजे शेपूट आणि ‘चालन’ म्हणजे हलवणे. भर्तृहरीने नीतिशतकात कुत्रा व हत्ती यांची तुलना करताना हा शब्द वापरला आहे. घास देणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायाशी लोळतो. हत्ती मात्र धीरगंभीरपणे पाहतो आणि पुष्कळ आर्जवे केल्यावरच खातो. रुसलेल्या भावाची आपण मनधरणी करतो, तेव्हा नाते जपायचे असते. लांगूलचालनात नजर घासावर असते. स्वतःच्या लाभासाठी समोरच्याची चुकीची इच्छाही पुरवली जाते.

पिलाताचे उदाहरण पाहा. मुख्य याजकांनी येशूला हेव्यापोटी धरून दिले आहे, हे तो ओळखून होता. तरीही जमावाला खूश करण्यासाठी त्याने बरब्बाला सोडले आणि येशूला क्रुसावर खिळण्यासाठी सोपवून दिले (मार्क १५).

मग दुसऱ्याच्या कलाने घेणे नेहमीच वाईट का? संत पौल करिंथकरांना सांगतो, की तो सर्वांसाठी सर्व काही झाला. गलतीकरांना मात्र तो बजावतो, की माणसांची मर्जी राखत बसलो तर आपण ख्रिस्ताचे सेवक उरणार नाही. यात विसंगती नाही. पहिल्या ठिकाणी पौल स्वतःची सोय सोडतो. दुसऱ्या ठिकाणी तो सत्य सोडायला नकार देतो.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४८०) हाच भेद आहे. केवळ समोरच्याला बरे वाटावे म्हणून केलेली खुशामत हे लहान पाप. पण ती दुसऱ्याच्या दुर्गुणांना किंवा गंभीर पापांना साथ देत असेल, तर तो गंभीर दोष होय. मैत्रीचे निमित्तही तेथे चालत नाही.

हा दोष पुढाऱ्यांपुरता नाही. वजनदार नातेवाईक दारूच्या आहारी जात असतो आणि आपण त्याच्या विनोदांवर हसतो, कारण मुलाच्या नोकरीसाठी त्याची ओळख हवी असते. त्याच्या घरी रडणारी पत्नी आपल्याला दिसत नाही.

या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला विचारावे : माझे गोड बोलणे कोणाच्या भल्यासाठी आहे? त्याच्या, की माझ्या? प्रेमाने सत्य बोलण्याचे धैर्य प्रभू आपणांस देवो.