छत्रीवरून आकाशवाणी ऐकणें : मांडणी व दोषशोधन

सन २०२४ च्या ऑक्टोबरांत परतीच्या पावसाचा इशारा आकाशवाणीवरून दिला गेला होता. परंतु त्या सायंकाळीं आमची पेटी मुकी राहिली, आणि खळ्यावर उघडा पडलेला सोयाबीनचा ढीग रात्रींत भिजून गेला. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या मांडणीचा होता. तसें नुकसान वाचकांस सोसावें लागूं नये, म्हणून हा पाठ लिहीत आहों.

प्रसारभारतीची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा डिसेंबर २००४ मध्यें ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नांवानें सुरू झाली. तींत दूरदर्शनाबरोबर आकाशवाणीच्याहि अनेक वाहिन्या मासिक वर्गणीवांचून मिळतात. त्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्यें सोडला गेला. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशीं, सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबरच फिरतो. म्हणून आपणांस एकाच जागीं स्थिर भासतो.

जागा. पुण्याहून पाहतां त्याची दिशा बहुतेक नेमकी आग्नेय असून क्षितिजापासून उंची सुमारें ५९ अंश आहे; नागपुराकडे ती दिशा कांहींशी दक्षिणेस सरकते. होकायंत्र पत्र्याच्या छपराजवळ धरूं नये, कारण लोखंडानें सुई फसते. छत्रीचा तवा पुष्कळसा उभा दिसतो, पण लहरी त्यावर वरून तिरप्या येतात. म्हणून तव्याच्या तोंडासमोर मोकळें आहे एवढ्यानें भागत नाहीं. नजर वर ५९ अंशांवर टाकावी. त्या दिशेस छत्रीहून ३० फूट उंच झाड असल्यास तें निदान २० फूट दूर असावें. आम्हीं जानेवारींत छत्री बसविली तेव्हां शेजारचा शेवगा लहान होता. पावसाळ्यांत तो वाढला, आणि पानें ओलीं होतांच लहरी अडूं लागल्या.

सूर्याची साक्ष. मार्च व ऑक्टोबर यांच्या पहिल्या पंधरवड्यांत कांहीं दिवस, सकाळीं अकराच्या सुमारास, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागें येतो. तेव्हां कांहीं मिनिटें आवाज तुटतो. तो बिघाड नव्हे. उलट ही फुकटची मोजणी समजावी. त्या घटकेस छत्रीवर झाडाची सावली पडली, तर तें झाड वाटेंत आहे असें निश्चित जाणावें.

बसविणें. खांब ओळंब्यानें सरळ करावा. पेटीच्या पडद्यावर ‘सिग्नल’च्या दोन पट्ट्या दिसतात, एक जोराची, दुसरी गुणवत्तेची. छत्री केसभर सरकवावी, कांहीं क्षण थांबावें, मग पुन्हा सरकवावी. गुणवत्ता कमाल होईल तेथें बोल्ट आळीपाळीनें घट्ट करावे. एकच बोल्ट एकदम आवळल्यास छत्री कलते. शेवटीं एल.एन.बी. आपल्या पकडींत थोडी फिरवून पाहावी.

दोष ओळखणें. जोर व गुणवत्ता दोन्ही शून्य असल्यास प्रथम केबल व तिचे जोड पाहावे. पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडली असल्यास तेवढा भाग कापून नवा कनेक्टर लावावा. जोर आहे पण गुणवत्ता नाहीं, तर छत्री हलली आहे, वाट अडली आहे, किंवा ती दुसऱ्याच उपग्रहाकडे वळली आहे. वाऱ्यांतच आवाज तुटत असल्यास पकड ढिली समजावी. हें सर्व पाहण्यापूर्वीं एल.एन.बी. बदलण्याचा खर्च करूं नये.

एक मर्यादा मात्र कोणत्याहि कौशल्यानें टळत नाहीं. या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असल्यानें मुसळधार पाऊस त्यांस शोषतो. म्हणजे पाऊस कोसळतांनाच छत्री मुकी होते. यास्तव हवामानाचें वृत्त आभाळ भरण्यापूर्वींच ऐकावें, आणि सेलवर चालणारा एक लहान रेडिओ घरांत ठेवावा. आमच्या शेवग्याच्या फांद्या आतां दर मृग नक्षत्रापूर्वीं छाटल्या जातात.