वळलेल्या पावलाचा उपचार फुकट, खेपा विकतच्या

जन्मतः आत वळलेलं बाळाचं पाऊल पॉन्सेटी पद्धतीने बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. तरीही मेळघाटातल्या घराला तो किती पडतो, ते पाहू.

दर आठवड्याला प्लास्टर बदलावं लागतं, साधारण पाच ते सात वेळा. पुष्कळ बाळांना टाचेमागच्या कंडरेला छोटा छेद देतात; त्यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. सात खेपा धरा. प्लास्टरसाठी अमरावतीला जावं लागलं, तर मेळघाटातल्या धारणीहून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास, वाट घाटाची. साध्या एसटीचं एकेरी भाडं सुमारे अडीचशे रुपये. आईला अर्धं तिकीट, बाळाला लागत नाही. म्हणजे आईचे जाऊन-येऊन 250, आणि मुक्काम पडला तर दोन दिवसांची मजुरी बुडते. रोजगार हमीच्या 2025-26च्या 312 रुपये दराने 624. एक खेप 874 रुपयांची, सात खेपा 6,118. सोबत वडील गेले तर एकूण चौदा हजारांजवळ. गावापासून धारणीपर्यंतची जीप आणि जेवण यात धरलेलंच नाही.

म्हणून निघण्याआधी आशाताईंना किंवा बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकातल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: प्लास्टरचा वार कोणता, धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात ते होतं का, आणि नेण्या-आणण्याची गाडी मिळेल का. बाळ काही आठवड्यांचं असतानाच सुरुवात करा.

खरी कसोटी पुढे असते. पाऊल सरळ दिसू लागलं की घरची माणसं प्लास्टरनंतर दिलेले, पट्टीने जोडलेले बूट काढून ठेवतात, आणि पाऊल पुन्हा वळतं. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री झोपताना बूट हवेतच. पाय वाढला की बूटही बदलतो. पुढचा जोड मोफत मिळणार का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

प्लास्टरला यंत्र लागत नाही. कापूस, प्लास्टर आणि शिकलेले हात लागतात. आफ्रिकेतल्या मलावीत डॉक्टर नसलेले प्रशिक्षित क्लिनिकल ऑफिसर हे काम करतात. मग मेळघाटातल्या आईने दर आठवड्याला घाट का उतरावा? धारणीत प्लास्टर होत नसेल, तर ग्रामसभेत तसा ठराव करा आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या.