सीएसआर आणि गिट्टी फोडणारे हात

सीएसआर म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व. हा विषय मुलांना आपल्या कळंबपासूनच समजावून सांगूया.

कायदा काय सांगतो?
कंपनी कायदा 2013, कलम 135. कंपनीचा वार्षिक निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मूल्य 500 कोटी रुपये, यांपैकी एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. त्यात स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचे.

अडचण कुठे आहे?
आपल्याच जिल्ह्यात वणीकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. तिथे दाद कोणाकडे मागायची ते लोकांना माहीत असते. पण कळंबच्या रस्त्याला, घराला लागते ती गिट्टी, मुरूम, रेती. ती काढणारे अनेक जण रोजंदारीवर असतात, ठेकेदार बदलत राहतो, हजेरीची नोंद नसते. मग दायित्व कोणाचे?

मार्ग कोणते?
2015 च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणपट्टाधारकांनी रॉयल्टीशिवाय भरलेली रक्कम खाणबाधितांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणासाठी असते. पुण्याजवळ वाघोली परिसरात 'संतुलन' संस्थेने दगडखाणींवरच पाषाण शाळा चालवल्या. म्हणजे शाळाच मुलांपर्यंत गेली. कंपन्यांचा निधी अशा कामाला लागला, तर तो खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचेल.

वर्गात विचारा
आपल्या शाळेच्या भिंतीतली गिट्टी कोणी फोडली असेल? त्यांची मुलं आज कोणत्या शाळेत आहेत?